हिरवा चाफा पिवळसर झाल्यावरच दरवळतो
एन्नोर (चेन्नई) : समुद्रकाठच्या दमट, उष्ण हवेत फुलदाणीतील फूल पिवळे पडू लागले, की ते टाकून देण्याची घाई होते. हिरव्या चाफ्याबाबत मात्र ही घाई चुकीची ठरते. तमिळमध्ये ‘मनोरंजितम’ या नावाने ओळखले जाणारे हे फूल सुरुवातीला पानांसारखेच हिरवे आणि जवळपास गंधहीन असते. पक्व होऊन ते पिवळसर होऊ लागले, की पिकलेल्या फळांची आठवण करून देणारा सुगंध दरवळतो. मनात आणाल त्या फळाचा वास या फुलाला येतो, अशी लोकसमजूत आहे.

नावात चाफा असला, तरी ही वेल सोनचाफ्याच्या नव्हे, तर सीताफळाच्या कुळातील आहे. ‘आर्टाबोट्रिस हेक्झापेटॅलस’ या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द तिच्या फुलाच्या सहा पाकळ्या दर्शवतो. आकड्यासारख्या वळलेल्या दांड्यांच्या आधाराने ती वर चढते. त्यामुळे फूल काढताना आकडा वेलीवरच राहू द्यावा आणि केवळ फुलाचा देठ कापावा.

देठ आखूड असल्याने उंच फुलदाणीपेक्षा पसरट भांड्यातील पाण्यावर ही फुले तरंगत ठेवणे सोयीचे असते. सजावटीत हिरवा रंग हवा असल्यास कोवळी, तर सुगंध हवा असल्यास पिवळसर छटा आलेली फुले निवडावीत. सोबत वेलीचीच तकतकीत पाने ठेवल्यास रंग आणि गंध दोन्ही साधतात. पाणी रोज बदलावे. भांडे ऊन आणि पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर ठेवावे. पाकळ्या तपकिरी होऊन गळू लागल्या, की मात्र फुले बदलावीत.