मधुमेहाची शिदोरी

दूरच्या वाटेला निघताना शिदोरी बरोबर घ्यावी, ही आपल्याकडील जुनी शिकवण आहे. शेतावर जाणारा शेतकरी खाण्यापिण्याची तजवीज केल्यावाचून घर सोडत नाही. काही माणसांना मात्र या शिदोरीबरोबर आणखी एक शिदोरी न्यावी लागते. ती घरी राहिली, तर नुसता उपास घडून भागत नाही. प्रसंग जिवावर बेततो. ही शिदोरी मधुमेही माणसाची होय.

आपण खाल्लेल्या अन्नापासून शरीरात साखर तयार होते आणि ती रक्तावाटे सर्व अवयवांकडे जाते. परंतु पेशींना ती साखर घेता यावी, यासाठी इन्सुलिन नावाचे द्रव्य लागते. ते जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात निर्माण होते. काही बालकांच्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी व्यवस्थाच स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. मग रक्तात साखर साचत जाते आणि पेशी उपाशी राहतात. कोठार धान्याने भरलेले असावे, पण त्याची किल्ली हरवावी, तशी ही स्थिती होते. या विकाराला मधुमेहाचा पहिला प्रकार म्हणतात. तो गोड खाल्ल्याने होत नाही आणि एकापासून दुसऱ्याला लागतही नाही.

शंभर वर्षांपूर्वी या विकाराने ग्रासलेले मूल फार काळ जगत नसे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅकलिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन वेगळे काढले, आणि कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. मरणाच्या दारी पोहोचलेला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात तोच बालदिन आहे.

इन्सुलिन गिळले तर ते अन्नाप्रमाणे पचून जाते. म्हणून ते टोचूनच घ्यावे लागते, आणि तेही दिवसातून अनेक वेळा. साहजिकच मधुमेही मूल जेथे जाईल, तेथे औषधानेही गेले पाहिजे.

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड या गावाचे उदाहरण घेऊ. भातशेतीच्या या प्रदेशातून नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग जातो. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील स्थानकही गावाला आहे. समजा, येथील शाळेची सहल नवेगावबांधचा तलाव पाहण्यास निघाली आहे आणि मुलांमध्ये एक मधुमेही मुलगी आहे. तिच्या पिशवीत काय असावे? इन्सुलिन व ते टोचण्याचे साधन, रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र व त्याच्या पट्ट्या, ग्लुकोज किंवा साखर, थोडा फराळ, पाणी, आणि नाव, विकार, औषधाची मात्रा व पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. प्रत्येक वस्तू लागेल त्याहून अधिक घ्यावी. कारण गाडी वाटेत बिघडू शकते आणि इन्सुलिनची बाटली हातातून निसटून फुटूही शकते. ही पिशवी गाडीच्या टपावरील सामानात न देता जवळच बाळगावी.

सहली हिवाळ्यात निघतात. पण लग्नकार्यासाठी भर वैशाखातही प्रवास घडतो. त्या दिवसांत विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. इन्सुलिनला अशी उष्णता सोसत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ती ठेवली, तर औषधाचा गुण नाहीसा होऊ लागतो. उलट, बर्फाला चिकटून ती गोठली, तरीही ते निकामी होते.

यावर उपाय आपल्या घरातील माठानेच शिकविला आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळे आतील पाणी गार राहते. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरतात आणि लहान मडक्यात इन्सुलिन सांभाळतात. प्रवासात वापरावयाची भिजवलेली पिशवीही याच नियमाने गार राहते. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी सावकाश उडते व गारवा कमी मिळतो.

पिशवीतील साखर पाहून कोणी विचारील, “मधुमेह्याला साखर कशाला?” इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले किंवा खेळ फार झाला, तर रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली उतरते. हात कापतात, घाम फुटतो, भूक लागते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी मुलीला बसवून तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. ती अजून कमीच असेल, तर तितकीच साखर पुन्हा द्यावी. पेढ्यात स्निग्धांश असल्याने त्यातील साखर रक्तात उशिरा उतरते. म्हणून तो या प्रसंगी उपयोगी नाही. ती शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर निजवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे. अशा वेळी इन्सुलिन तर मुळीच टोचू नये.

वापरलेली सुई वाटेत फेकू नये. ती जाड, झाकणाच्या डब्यात ठेवून पुढे दवाखान्यात द्यावी. नाही तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हातात रुतते.

इतकी तयारी असूनही एक अडचण उरते, ती म्हणजे संकोच. मित्र हसतील या भीतीने पुष्कळ मुले पिशवी लपवितात, टोचून घेण्याची वेळ टाळतात आणि संकट ओढवून घेतात. परीक्षेच्या वेळी जवळ खाऊ ठेवावा की नाही, हाही प्रश्न त्यांना पडतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळ व पाणी नेण्याची मुभा दिली. नियमाने जे साधते, त्याहून अधिक सोबत्यांच्या समजुतीने साधते. आपल्या वर्गात असे मूल असेल, तर त्याच्या पिशवीतील साखर कोठे आहे हे ठाऊक करून घ्यावे, तो थरथरू लागल्यास गुरुजींना तत्काळ सांगावे आणि त्याला एकटे सोडू नये. ज्याच्या सोबत्यांना एवढे ठाऊक आहे, त्या मुलाला सहलीला निर्धास्तपणे जाता येते.