भाग ७ : इम्पोर्ट केलेलं नाव जुनंच का राहतं?

आजचा घोळ माझ्याच हातून झालेला आहे. एका दुकानाचा बिलाचा प्रोग्राम होता. प्रोग्राम चालू असताना कराचा दर बदलला, स्क्रीनवर नवा दिसला, पण बिलं जुन्याच दरानं छापली जात होती. एररही नाही! दोन दिवसांची बिलं पुन्हा करावी लागली.

उदाहरण आमच्या गावाचंच घेऊ. ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत रायपूर मध्य प्रदेशात होतं, १ नोव्हेंबरला ते छत्तीसगडची राजधानी झालं. समजा, ‘पत्ता’ या मॉड्यूलमध्ये राज्य = "मध्य प्रदेश" आहे. ‘छपाई’ या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये आपण लिहिलं: फ्रॉम पत्ता इम्पोर्ट राज्य. आपल्याला वाटतं, दोन्हींमध्ये वायर जोडली गेली. तसं काही नसतं. पायथॉनमध्ये व्हेरिएबल म्हणजे डबा नव्हे, वस्तूला लावलेली चिठ्ठी. इम्पोर्ट करताना त्याच स्ट्रिंगला ‘छपाई’ची आणखी एक चिठ्ठी लागली, एवढंच. पुढे ‘पत्ता’मधल्या फंक्शननं ग्लोबल वापरून राज्य = "छत्तीसगड" केलं, की ‘पत्ता’ची चिठ्ठी निघून नव्या स्ट्रिंगला लागते. ‘छपाई’ची चिठ्ठी तिथेच राहते, आणि रायपूर मध्य प्रदेशातच छापलं जातं.

आता जिल्ह्यांची लिस्ट घ्या. राज्य झालं तेव्हा १६ जिल्हे होते, आज ३३ आहेत. २००७ मध्ये नारायणपूर जिल्हा झाला. ‘पत्ता’मध्ये जिल्हे.अपेंड("नारायणपूर") केलं, तर ‘छपाई’लाही तो लगेच दिसतो. चिठ्ठ्या हलल्याच नाहीत, लिस्ट जागच्या जागी वाढली. लिस्ट अशी बदलता येते. स्ट्रिंग आणि आकडा नाही.

पण जिल्हे = जिल्हे + ["नारायणपूर"] लिहिलंत तर? नवी लिस्ट तयार होते आणि पुन्हा तोच घोळ. गंमत म्हणजे लिस्टवर अधिक-बरोबर, म्हणजे +=, वापरलं तर जुनीच लिस्ट वाढते. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

उपाय साधा आहे. नुसतं इम्पोर्ट पत्ता लिहा आणि दर वेळी पत्ता.राज्य म्हणा. टिंब दिलं की पायथॉन त्या क्षणी ‘पत्ता’मध्ये जाऊन नाव शोधतो. मात्र फाइलच्या वरच र = पत्ता.राज्य करून ठेवू नका, ती परत तीच जुनी चिठ्ठी. आणि ‘छपाई’तून राज्य बदलायचं असेल तर पत्ता.राज्य = असंच लिहायचं; नुसतं राज्य = लिहिलं तर ‘छपाई’पुरतंच बदलतं.

माझ्या बिलाच्या प्रोग्राममध्ये इम्पोर्टची एक ओळ बदलली आणि चार ठिकाणी टिंब दिलं. पुढच्या भागात सर्क्युलर इम्पोर्ट बघू.