सूड कोणाचा, दाद कोणाकडे?

सूड हा शब्द आपल्याकडे पुरुषांच्या मालकीचा आहे. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देत असलेल्या रिंकू पाटीलला एकतर्फी प्रेमातून जाळण्यात आले. अशा मुलाच्या रागामागे मालकी हक्काची जुनी परंपरा उभी असते. पण फसवली गेलेली मुलगी, तीही आमच्या वस्तीतली, जेव्हा सूडाची भाषा बोलते तेव्हा तिला नेमके काय हवे असते? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. बोईसरच्या आमच्या विहारातील अभ्यासिकेत तो माझ्यासमोर येऊन बसला.

मुलगी सतरा वर्षांची, बारावीतली. मुलगा तारापूर औद्योगिक वसाहतीतला कामगार, सवर्ण घरातला. गावात जातीचे कुंपण डोळ्यांना दिसते. येथे ते दिसत नाही. चाळी भाड्याच्या, शेजारी दहा मुलखांचे, शटलची गर्दी सगळ्यांची एकच. त्यामुळे प्रेम जमते. आडनावाची चौकशी लग्नाची गोष्ट निघाल्यावर सुरू होते. तशी ती झाली. ‘तुमच्या जातीत आमच्याकडे करत नाहीत,’ एवढे मोबाइलवर लिहून तो मोकळा झाला. महिन्याभरात त्याचा साखरपुडा उरकला.

‘काका, मी त्याला सोडणार नाही,’ ती म्हणाली. त्याचे सगळे संदेश छापून कारखान्याच्या फाटकावर डकवायचे, हा तिचा बेत होता. मैत्रिणीने दुसरा सुचवला होता : जे घडले नाही तेही लिहून तक्रार द्यायची.

दुसऱ्या बेताला मी तिथल्या तिथे नाही म्हटले. दोघांत फिरणे आणि बोलणे यापलीकडे काही नव्हते. खोट्या तक्रारीत तिचा खरा अपमानही खोटा ठरला असता. शिवाय ज्या बाईवर खरोखर अत्याचार झाला, तिच्या तक्रारीकडेही मग संशयाने पाहिले जाते.

पहिल्या बेतासाठी मात्र कायदा उघडून बसावे लागले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, जातीवरून केलेला हेतुपुरस्सर अपमान गुन्हा ठरायला तो लोकांच्या दृष्टीसमोर व्हावा लागतो. हा अपमान तर एकटीच्या मोबाइलवर झाला. तोच तिने फाटकावर लावला तर बदनामीची तक्रार तिच्यावरच होऊ शकते, आणि वय अठराच्या आत असल्याने तिला बाल न्याय मंडळापुढे उभे राहावे लागेल. ज्याने अपमान केला तो घरी, जिने तो दाखवला ती मंडळापुढे!

मग लग्नाच्या वचनाचे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमात, पाळण्याचा हेतूच नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे शरीर गुंतले नसेल तर हे कलम लागत नाही. फसवणुकीचे मोजमाप कायदा देहावरून करतो, मनाला त्यात जागा नाही.

तेथेही जात आडवी येते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका अनुसूचित जातीच्या अधिकारी स्त्रीचे प्रकरण आले. पुरुषाने जातीचे कारण २०१४ सालीच काढले होते आणि नाते त्यानंतरही चालू होते. वचन मुळात खोटे होते असे दिसत नाही, म्हणून गुन्हा रद्द झाला. जातीचा उल्लेख असलेले संदेश २०१५ चे होते. अत्याचार कायद्यातील ज्या दुरुस्तीचा आधार घेतला होता ती २६ जानेवारी २०१६ ला अमलात आली, म्हणून तीही लागली नाही. कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजतो. पण ‘आधी हो म्हणालो, नंतर जात आठवली’ या वर्तनाला चौकटीत नाव नाही. मुळात वचन देताना जात विसरण्याची सवलत फक्त एकाच बाजूला असते.

हे सगळे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘म्हणजे त्याने काहीच केलं नाही?’

मला उत्तर देता आले नाही. ‘केलं, पण ते लिहून घेणारं कोणी नाही,’ एवढेच म्हणालो.

त्या रात्री तिने ते संदेश तारीखवार वहीत उतरवले. फाटकावर काही लावले नाही. वही अभ्यासिकेच्या कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे. परीक्षा झाल्यावर पुढे लिहीन म्हणते.