जी आली नाही, तिची नोंद



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. दवाखान्यातले कागद जाऊन तिथं कॉम्प्युटर आला, म्हणजे नेमकं काय झालं? आपल्याला त्याचा उपयोग काय, आणि आपण लक्ष कुठे ठेवायचं? सेवाभावी संस्थांचे दवाखाने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणींचा आधार आहेत. तिथल्या खिडकीवर आता केस पेपर शोधण्याऐवजी कॉम्प्युटरवर नाव टाकतात. आपण नाव-गाव सांगतो आणि पुढे सरकतो. पण त्याच नोंदीवर आपलं औषधपाणी चालतं, म्हणून ती समजून घेतलेली बरी.

आधी आपल्या बचत गटाची वही डोळ्यांपुढे आणा. दर महिन्याला सगळ्या सभासदांची नावं, आणि प्रत्येकीच्या नावापुढे एक चौकट. जिनं हप्ता भरला नाही तिची चौकट रिकामी. कुणाला विचारावं लागत नाही, रिकामी चौकट आपणहून दिसते. मग अध्यक्षबाई म्हणतात, "अगं, तिच्या घरी डोकावून या. बरी आहे ना ती?"

दवाखान्यातलं रोजचं रजिस्टर असं नसतं. तिथं जे येतील त्यांची नावं एकाखाली एक. साठ जण आले तर साठ ओळी. पण जी आज यायची होती आणि आली नाही, तिच्यासाठी ओळच नसते. तिला शोधायचं तर महिन्याभराची पानं उलटायची, केस पेपरांचे गठ्ठे सोडायचे, तारखा जुळवायच्या. शंभर माणसं दारात उभी असताना हे काम कोण करणार?

आणि जिवाला धोका बरेचदा न आलेल्या बाईलाच असतो. क्षयाचं साधं औषध सुद्धा सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात जोर येतो, कापूस वेचणीचे दिवस येतात आणि औषध सुटतं. मग आजार उलटतो, आणि कधी कधी जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. साखर, बीपी, सिकलसेल, फिट्स, गरोदरपण, सगळीकडे असंच. एकदा औषध देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा यावं लागतं. कॉम्प्युटरमधल्या नोंदीचा सगळ्यात मोठा उपयोग आम्हाला हाच वाटतो. कोण आलं नाही, हे तिला विचारता येतं.

हे होतं कसं? हिशोब लिहिणाऱ्या बाईला रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक माहीत असतो. रोजकीर्दीत दिवसाचे सगळे व्यवहार, आणि खतावणीत एकेका सभासदाचं वेगळं खातं. कागदावर दोन्ही हवं असेल तर दोनदा लिहावं लागतं. दवाखान्यात दिवसाचं रजिस्टर ही रोजकीर्द, केस पेपर ही खतावणी, शिवाय लॅबचं वेगळं पुस्तक आणि औषधाच्या खिडकीचं वेगळं. एकाच बाईचं नाव चार ठिकाणी. डेटाबेस म्हणजे अशी वही की जिच्यात गोष्ट एकदाच लिहायची, आणि मग हवी तशी मांडून घ्यायची. तारखेनुसार मागा, नावानुसार मागा, गावानुसार मागा. "आपल्या भागातल्या क्षयाच्या रुग्णांपैकी या महिन्यात औषध न्यायला कोण आलं नाही?" असं विचारलं, की यादी समोर येते.

याचा पडताळा लांबच्या एका ठिकाणी मिळालेला आहे. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथल्या एल्डोरेट शहरातलं विद्यापीठ आणि अमेरिकेतले काही डॉक्टर यांनी मिळून एचआयव्हीच्या रुग्णांसाठी दवाखाने चालवले. रुग्ण हजारोंनी वाढले, तसे कागद हाताबाहेर गेले. २००४ पासून त्यांनी आणि इतर काही संस्थांनी मिळून ओपन-एमआरएस नावाची नोंदपद्धत उभी केली. ती कुणालाही फुकट वापरता येते. डॉक्टर आधीसारखेच कागदी फॉर्म भरत, आणि नोंदणीचे कर्मचारी तो मजकूर कॉम्प्युटरमध्ये चढवत.

पुढे तिथल्या लहान मुलांच्या दवाखान्यात एक अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. मूल तपासायला आलं की कॉम्प्युटर त्याची आधीची माहिती बघून राहिलेलं काम ओळखायचा. अमुक रक्ततपासणी बाकी आहे, अमुक औषध सुरू करायचं राहिलं आहे, असं. चिठ्ठ्या टाकून निवड करावी तसे मुलांचे दोन गट पाडले होते. एका गटात ही आठवण डॉक्टरांच्या हातातल्या कागदावर छापून दिली, दुसऱ्यात दिली नाही. आठवण दिली तिथं राहिलेल्या १०० कामांपैकी ६८ पूर्ण झाली. दिली नाही तिथं १८ झाली. डॉक्टर मन लावून काम करणारे असले तरी गर्दीत माणसाला सगळं आठवत नाही. आठवण करून दिली, तर ते करतात.

आता आपल्या शेजारी येऊ. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी गाव आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांच्या एका गटानं तिथं जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था सुरू केली. आदिवासी आणि गरीब शेतकरी कुटुंबं लांबून लांबून तिथं येतात. मुख्य दवाखाना गनियारीला, आणि जंगलाच्या भागात छोटी उपकेंद्रं. गावात आरोग्यसेविका. या दवाखान्यासाठी २०१३ च्या सुमारास केनियातल्या त्याच ओपन-एमआरएसच्या पायावर एक पद्धत तयार झाली. रुग्णाची नोंद, लॅबचं काम, औषधांचा साठा आणि बिल, हे सगळं तिच्यात एकमेकांना जोडलं. नाव ठेवलं बाहमनी, तिथल्याच एका खेड्यावरून. तीही फुकट वापरता येते, आणि पुढे नेपाळ, बांगलादेशातल्या दवाखान्यांतही ती गेली. छत्तीसगडच्या खेड्याचं नाव देशोदेशीच्या दवाखान्यांत पोचलं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

पण कॉम्प्युटर आणून ठेवला की झालं, असं नाही. कागदावरून तिकडे जाताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट नाव आणि क्रमांक. आपल्या बायकांचा घोळ इथंच होतो. लग्नाआधी एक नाव, लग्नानंतर दुसरं. आधार कार्डावर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं. घरात हाक मारतात ते आणखी वेगळंच. वय विचारलं तर कधी पस्तीस, कधी चाळीस. मग एकाच बाईची दोन खाती उघडतात. एका खात्यात पहिल्या बाळंतपणातला रक्तस्राव लिहिलेला आणि दुसऱ्यात कोरं पान. डॉक्टरांनी कोरं पान बघितलं तर त्यांना वाटणार, सगळं ठीक आहे. म्हणून प्रत्येक रुग्णाला एकच क्रमांक देतात. चांगल्या पद्धतीत त्या क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशोब करून काढलेला असतो. टाकताना एक आकडा चुकला, तर हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर तो क्रमांक घेत नाही. त्यामुळे एकीची माहिती दुसरीच्या खात्यात जाण्याचा धोका खूपच कमी होतो.

दुसरी गोष्ट जुने कागद. कपाटं भरून केस पेपर असतात. सगळे चढवायला बसलं तर वर्षं जातील. शहाणपण यात, की रुग्ण जसा येईल तसं त्याच्या जुन्या कागदातलं मोलाचं तेवढं आधी घ्यायचं. आजार कोणता, औषधं कोणती चालू, कोणतं औषध सोसत नाही, ऑपरेशन झालं का. बाकी कागद नीट बांधून ठेवायचे. ते लगेच रद्दीत घालायचे नाहीत.

तिसरी गोष्ट वीज. खेड्यात वीज जाते आणि इंटरनेट असून नसल्यासारखं असतं. म्हणून बाहमनीसारखी पद्धत दवाखान्यातल्याच एका मुख्य कॉम्प्युटरवर चालवता येते. बाकीचे कॉम्प्युटर त्याला जोडलेले. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी काम चालू राहतं. सोबत बॅटरी लागते, आणि सगळ्या माहितीची दुसरी प्रत रोज वेगळ्या जागी ठेवावी लागते. कागद एक एक करून हरवतात, पण कॉम्प्युटर बिघडला आणि दुसरी प्रत नसली, तर सगळं एकदम जातं. वीज गेली तर वापरायचे कोरे फॉर्मही हाताशी असावे लागतात.

चौथी गोष्ट माणसं. बदलाच्या काळात काही दिवस कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही चालतात, त्यामुळे काम दुप्पट होतं. आधीच दमलेल्या नर्सताईंवर हा बोजा पडतो. त्यांना शिकायला वेळ दिला नाही, तर घाईत काहीबाही भरलं जातं. कागदावरची चूक त्या कागदापुरती राहते. कॉम्प्युटरमधली चूक डॉक्टर, लॅब, औषधाची खिडकी, सगळ्यांना खरी म्हणून दिसते. म्हणून त्या काळात रांग हळू सरकली, तर थोडा धीर धरू या.

आता एक नाजूक गोष्ट. कपाटातला कागद बघायचा तर कपाटापर्यंत जावं लागतं. कॉम्प्युटरमधली नोंद दूर बसूनही उघडता येते. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा पासवर्ड हवा. ज्याला जेवढं कामाचं तेवढंच त्याला दिसावं, आणि कुणी कोणाची नोंद उघडली हेही लिहिलं जावं. बिल करणाऱ्याला बाईची एचआयव्हीची तपासणी कळायचं कारण नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं अशी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मानला आहे. सरकारचा चौदा आकड्यांचा आभा क्रमांकही दवाखान्यात विचारतात. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी जोडायला तो उपयोगी आहे. पण तो ऐच्छिक आहे, घ्यायचा की नाही हे आपण ठरवायचं.

आणि फोन नंबर! "तुमची तपासणी राहिली आहे" हा निरोप जातो कुणाच्या फोनवर? पुष्कळदा घरात एकच फोन, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. पाळणा लांबवायचं औषध असो की क्षयाचं, घरात कुणाला काय सांगायचं ते त्या बाईनं ठरवायचं असतं. नोंद करताना नंबर कुणाचा आहे, आणि त्यावर काय बोललेलं चालेल, हे खिडकीवर सांगायला लाजू नका.

मग आपण काय करायचं?

दर वेळी तेच नाव, तेच गाव, तोच क्रमांक सांगायचा. लग्नानं नाव बदललं असेल तर जुनं नावही सांगायचं. फोन बदलला की कळवायचं. नोंद झाली की विचारायचं, "काय लिहिलंत ते एकदा वाचून दाखवता का, ताई?" विशेषतः वय, न सोसणारं औषध आणि मागची बाळंतपणं. दुसऱ्या दवाखान्यात जायचं असेल तर छापील कागद मागून घ्यायचा, आणि तो पिशवीत जपून ठेवायचा. एका दवाखान्यातली नोंद दुसरीकडे दिसेलच असं नाही. कॉम्प्युटर आला म्हणून आपल्या हातातला कागद टाकून द्यायचा नाही.

गटानं मिळून करायचंही एक काम आहे. न आलेल्यांची यादी कॉम्प्युटर काढून देतो, पण त्या बाईच्या दारात जाऊ शकत नाही. तिथं कुणीतरी चालतच जावं लागतं. गनियारीसारख्या ठिकाणी गावातली आरोग्यसेविका असते, आपल्याकडे आशाताई आहेत. पण एकट्या आशाताईंच्या वाट्याला किती घरं! पुढच्या बैठकीत त्यांना बोलवा. आजाराचं नाव त्यांनी सांगायचं नाही आणि आपण विचारायचं नाही. पण "कुणाला दवाखान्यात न्यायला सोबत हवी का? कुणाची मजुरी बुडते म्हणून जाणं राहतं का? मूल सांभाळायला कुणी हवं का?" एवढं नक्की विचारता येईल. तारीख चुकवणारी बाई बहुतेक वेळा विसरलेली नसते. तिच्याकडे एसटीचे पैसे नसतात, किंवा घरात परवानगी नसते, किंवा शेतात काम असतं. यातली कोणती अडचण आहे ते कॉम्प्युटरला कळत नाही, शेजारणीला कळतं.

गटाची वही आपण इतकी वर्षं नीट ठेवतो आहोत. रिकामी चौकट दिसली की घरी जाऊन विचारपूस करायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दवाखान्याच्या वहीतही आता ती चौकट दिसू लागली आहे. पुढच्या बैठकीच्या विषयांत हा एक विषय लिहून ठेवा, आणि आशाताईंना निरोप आजच धाडा.