नाचणगावात शाळा निवडताना : पाटी नाही, पट बघा

(भागाचं लेखी रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

समजा, ताईचा फोन आला : "पोरगी सहा वर्षांची झाली. पहिलीत कोणत्या शाळेत टाकू रे? तू मोबाइलवर सगळं शोधतोस, हेही शोध." तुम्ही नकाशावर शाळा शोधता, चार फोटो बघता, कोणीतरी दिलेले तारे मोजता. आणि ताईला सांगण्यासारखं हातात काहीच नसतं.

म्हणून आज सरकारी आणि अनुदानित शाळांची तुलना नेमकी कशावर करायची ते बघू. उदाहरण नाचणगावचं घेऊ. गाव देवळी तालुक्यातलं, वर्धा जिल्ह्यातलं, पुलगावला अगदी खेटून.

आधी विचारा : शाळा कोणाची?

'सरकारी शाळा' आपण एका दमात म्हणतो, पण चालवणारे वेगवेगळे असतात. ग्रामपंचायतीच्या गावात सरकारी शाळा जिल्हा परिषदेची. पुलगावला नगर परिषद आहे, तिथल्या शाळा तिच्या. अनुदानित शाळेत संस्था खाजगी, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून. केंद्रीय विद्यालयात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना आधी प्रवेश, म्हणून दारूगोळा भांडारातल्या शेजाऱ्याचा मुलगा तिथे गेला तरी आपला जाईलच असं नाही.

हे कळलं की प्रश्न कुठे घेऊन जायचा तेही कळतं. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी.

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. यू-डायसच्या संकेतस्थळावर शाळा शोधली की ती कोण चालवतं, पट किती, शिक्षक किती, स्वच्छतागृह आहे का, हे सगळं दिसतं. तारे मोजण्यापेक्षा हे बघा.

वर्ग किती, शिक्षक किती?

आता सगळ्यात कामाचं गणित. शिक्षण हक्क कायदा, २००९ म्हणतो, पाचवीपर्यंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. ऐकायला छान वाटतं, ३० मुलांमागे एक शिक्षक!

पण थांबा. पहिली ते पाचवी म्हणजे वर्ग पाच. पट ६० असेल तर शिक्षक दोन. म्हणजे एकाच गुरुजींसमोर पहिली, दुसरी आणि तिसरी बसलेली. तिसरीचा भागाकार चालू असताना पहिलीनं काय करायचं? काही शिक्षक हे फार सुंदर सांभाळतात, गट पाडतात, मोठ्यांकडून लहानांना शिकवून घेतात. पण ते सांभाळतात का, हे बघायला जावं लागतं. म्हणून "एका शिक्षकामागे मुलं किती" एवढ्यावर थांबू नका. "आमच्या पोरीच्या वर्गाला शिक्षक कोण, आणि त्यांच्याकडे आणखी किती वर्ग?" हे विचारा.

आणि याची दुसरी बाजू. शिक्षकांची पदं पटावरून ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. आठ-दहा घरांनी मुलं काढली की पद जाऊ शकतं, आणि मागे राहिलेल्यांचं नुकसान होतं. ही मागे राहिलेली मुलं बहुतेक वेळा ज्यांना ऑटोचे पैसे परवडत नाहीत त्यांची असतात.

दुसरीचा धडा, तिसरीचं पोर

शाळेची पाटी इंग्रजी आहे की मराठी, यावर शिकणं मोजता येत नाही. एक साधी चाचणी आहे. 'असर' नावाच्या सर्वेक्षणात मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. तुम्हीही शेजारच्या दोन-तीन मुलांना, वेगवेगळ्या शाळांतल्या, दुसरीच्या पुस्तकातलं पान वाचायला द्या. तिसरी-चौथीतलं पोर अडखळत असेल तर प्रेमानं घ्या. परीक्षा शाळेची आहे, त्याची नाही.

माध्यमाचा वाद तर आपल्याच जिल्ह्यात जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनं सात वर्षांचं मोफत शिक्षण मातृभाषेतून द्यावं, असं ठरवलं होतं. 'नई तालीम' तिथून पुढे आली.

पुढची दारं

ही गोष्ट पहिलीतच माहीत हवी. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आणि ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना मिळते. विनाअनुदानित शाळेत फी भरून शिकणाऱ्या गरीब मुलाला नाही.

दुसरं दार नवोदयचं. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवी. इथे नाचणगावकरांनी कान टवकारा. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेत नाचणगावची नोंद शहर म्हणून आहे, आणि नवोदय ग्रामीण-शहरी जनगणनेवरून ठरवतं. तेव्हा तुमची शाळा कशात धरतात, हे तिसरीच्या आधीच मुख्याध्यापकांना विचारा. पाचवीत विचारून उपयोग नाही.

तर ताईला काय सांगायचं?

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मे महिन्यात कुलूप असतं. म्हणून मार्चमध्येच जा. भर वर्गाच्या वेळी जा. पोरीच्या वर्गाला शिक्षक कोण ते विचारा, पोषण आहाराची वेळ बघा, मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे का आणि त्यात पाणी आहे का ते बघा.

आणि शाळा ठरली की शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्यानं तिथे ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ताईची खुर्ची तिथे आधीच ठेवलेली आहे, तिनं फक्त जाऊन बसायचं.

भेटू पुढच्या भागात. हा भाग त्या एका ताईला नक्की पाठवा.