विधिसंघर्षग्रस्त बालक : एका संज्ञेचा विचार

प्रशासकीय मराठीतील अनेक संज्ञा आपल्याला केवळ बोजड वाटतात. येथे अशी एक संज्ञा पाहू, जिच्याशी एखाद्या मुलाचे वस्तीत परतणे निगडित आहे.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा गुन्हा केल्याचे आढळलेल्या १८ वर्षांखालील व्यक्तीला बाल न्याय अधिनियम, २०१५ ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. वृत्तपत्रे ‘बालगुन्हेगार’ लिहितात. हा समास आपण सोडवून पाहा. त्यात ‘गुन्हेगार’ हे पद प्रधान आहे, ‘बाल’ हे नुसते विशेषण. कायद्याच्या संज्ञेत प्रधान पद ‘बालक’ आहे. संघर्ष ही त्याची अवस्था, आणि अवस्था पालटते. १९८६ च्या कायद्यातील इंग्रजी संज्ञेत अपराधीपण हे बालकाचेच विशेषण होते. २००० च्या कायद्याने ते वगळले.

हा बदल धोरणातून आला. बाल न्याय मंडळ समुपदेशनाचा, सामुदायिक सेवेचा आदेश देऊ शकते, परिवीक्षेवर मुलाला पालकांच्या स्वाधीन करू शकते. विशेष गृहातील वास्तव्य, तेही कमाल ३ वर्षांचे, हा अखेरचा उपाय मानला आहे. (१६ ते १८ वयोगटातील निर्घृण गुन्ह्यांसाठी वेगळी तरतूद आहे.) म्हणजे सुधारणेचा मोठा भार घर, शाळा आणि शेजार यांच्यावर पडतो. ज्या शेजाराने ‘रिमांड होमचा पोरगा’ असे नाव ठेवले, तेथे परिवीक्षा अधिकारी काय करणार? म्हणूनच कलम ३ आरोपात्मक शब्द टाळण्यास सांगते, तर कलम ७४ बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते.

तथापि ही मराठी संज्ञा निर्दोष नाही. ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ या शब्दांतील ‘ग्रस्त’ बाहेरून कोसळलेली आपत्ती सुचवतो. मूळ इंग्रजी संज्ञेत ही छटा नाही. ती आपल्या अनुवादाची भर. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीनाच्या मोटारीखाली दोघांचा बळी गेला. त्यांच्या आप्तांनी चालकाला ‘ग्रस्त’ का म्हणावे? त्या वेळी ‘निबंधाची शिक्षा’ हा शब्दप्रयोगही रूढ झाला. वस्तुतः निबंध ही जामिनाची एक अट होती. अट सौम्य होती, यावर संताप रास्तच. परंतु ‘शिक्षा’ या शब्दामुळे प्रकरण तेथेच निकाली निघाले, असा समज पसरला.

स्वाध्याय : ‘ग्रस्त’ वगळून, ‘बालक’ हे पद प्रधान ठेवून पर्यायी संज्ञा घडवा. ती आपल्या गावच्या शिक्षकाला सहज उच्चारता येईल का, तेही तपासा.