एपॉक्सी राळेच्या पृष्ठभागाची दुरुस्ती व निगा

मेजाचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असला म्हणजे मन प्रसन्न होतें. परंतु त्यावर एक चरा उमटला, कीं तेंच मेज डोळ्यांत खुपूं लागतें. हल्लीं अशी चकाकी पुष्कळदां एपॉक्सी राळेची असते. 1946 पासून ही राळ अराल्डाइट ह्या नांवानें वस्तु चिकटविण्याच्या कामीं येऊं लागली. पुढें होड्या, फरशा व मेजें ह्यांवर तिचा लेप देण्यांत येऊं लागला. तिची दुरुस्ती घरच्या घरीं करतां येते. मात्र तिचा स्वभाव आधीं ओळखला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

लाखेचें पॉलिश स्पिरिटांत विरघळतें. म्हणून जुन्या थरावर नवा थर दिला असतां दोन्ही एकजीव होतात. एपॉक्सीचें तसें नाहीं. राळ व हार्डनर हे दोन द्रव एकत्र आले म्हणजे त्यांचे रेणु जाळ्यासारखे गुंफले जातात, व घट्ट झालेलें हें जाळें पुन्हां वितळत नाहीं. तेव्हां त्यावर ओतलेली नवी राळ जुनींत मिसळत नाहीं. ती मुख्यतः बारीक चऱ्यांत रुतून टिकते. गुळगुळीत जागेवर ओतलेला थर पुढें पोपड्यासारखा सुटतो, त्याचें कारण हेंच.

यास्तव प्रथम पृष्ठभाग साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून कोरडा करावा. दमट हवेंत राळ घट्ट होतांना तिच्यावर कधीं कधीं मेणचट पापुद्रा येतो. तो धुतल्यावांचून घासूं नये. मग 220 क्रमांकाच्या पॉलिश-पेपरनें सर्व चकाकी जाईपर्यंत घासावें व धूळ पुसून जागा वाळूं द्यावी. दोन्ही द्रव उत्पादकानें सांगितलेल्या प्रमाणांतच घ्यावे. हार्डनर अधिक घातल्यानें काम लवकर होत नाहीं, उलट थर कच्चा राहतो. भांड्याच्या कडा व तळ खरडीत मिश्रण सुमारें तीन मिनिटें ढवळावें. कोठें चिकट जागा राहिलीच, तर ती झांकूं नये, खरवडूनच काढावी. चरा उथळ असेल तर राळ ओतण्याचें कारणच नाहीं. 400, 800, 1500 अशा क्रमानें पाणी घेऊन घासावें व शेवटीं पॉलिश करावें.

पालकांस आमची एक आग्रहाची सूचना आहे. ओली राळ व हार्डनर त्वचेस लागूं देऊं नयेत. शरीरास त्यांचें वावडें एकदां जडलें, तर तें बहुधा जन्मभर सुटत नाहीं. म्हणून हातमोजे व मुखपट्टी घालून, खिडक्या उघड्या ठेवून, वडील माणसांच्या देखरेखीखालींच हें काम व्हावें.

नवा थर दुसऱ्या दिवशीं कोरडा वाटला, तरी पूर्ण कठीण होण्यास सुमारें आठवडा लागतो; तोंवर त्यावर कांहीं ठेवूं नये. मेजांवरील पुष्कळशी राळ 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडूं लागते. म्हणून चहाच्या किटलीखालीं आधण-बैठक ठेवावी. उन्हानें ती पिवळी पडते, यास्तव मेज खिडकीपासून दूर असावें.

विद्यार्थिमित्रांनो, वरून ओतणें सोपें, घासणें कष्टाचें. पण जो थर टिकतो, तो घासलेल्या जागेवरचाच.